मुलांना संगीत शिकवल्याने नेमका काय फायदा होतो?

जून महिना आला की वह्या-पुस्तकांच्या खरेदीबरोबर घराघरांत आणखी एक चर्चा सुरू होते. यंदा मुलीला गाण्याच्या क्लासला घालायचे का? मुलाला तबला शिकवायचा की कीबोर्ड? सोसायटीच्या फाटकावरच्या जाहिरातीत लिहिलेले असते, 'संगीत शिका, स्मरणशक्ती वाढवा, गणितात प्रगती करा'. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही असेच काहीबाही फिरत असते. महिन्याची फी, आठवड्यातले दोन-तीन तास आणि मुलाच्या खेळण्याचा वेळ खर्च करायचा, तर त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही हे आधी कळलेले बरे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. त्याचे निष्कर्ष जाहिरातींइतके झगमगीत नाहीत, पण पालकांना निर्णय घ्यायला पुरेसे आहेत. ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- नुसते संगीत ऐकवल्याने मूल हुशार होत नाही.
- संगीत शिकल्याने बुद्ध्यांकात झालाच तर अगदी थोडा फरक पडतो. त्याबद्दलही संशोधकांत मतभेद आहेत.
- आवाजांतले बारीक फरक ओळखणे, भाषेतले ध्वनी नेमके ऐकणे, हात आणि कान यांचा मेळ बसणे यांबाबतचे पुरावे अधिक भरवशाचे आहेत.
- इतरांसोबत गाण्या-वाजवण्याने मुलांमध्ये सहकार्य वाढते, असे काही चांगल्या प्रयोगांत दिसले आहे.
- हे फायदे महिन्या-दोन महिन्यांत मिळत नाहीत. सातत्य लागते आणि सातत्यासाठी मुलाला त्यात गोडी वाटावी लागते.

'मोझार्ट ऐकवा' हा समज कुठून आला?

१९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवण्यात आली. त्यानंतर कागदाच्या घड्या घालून कापल्यावर तो उलगडल्यास कसा दिसेल, अशा प्रकारचे प्रश्न त्यांनी थोडे अधिक चांगले सोडवले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला.

या प्रयोगात तीन गोष्टी नव्हत्या : लहान मुले नव्हती, संगीताचे शिक्षण नव्हते आणि टिकाऊ फायदाही नव्हता. तरीही 'मोझार्टमुळे मुले हुशार होतात' ही बातमी जगभर पसरली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका पोहोचवण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद सुचवली. गर्भसंस्काराच्या नावाखाली आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक ध्वनिफितींच्या जाहिरातींतही हाच सूर असतो.

पुढच्या प्रयोगांतून खरे कारण पुढे आले. मन प्रसन्न आणि ताजेतवाने असेल तर माणूस काही वेळ थोडे चांगले काम करतो. ती प्रसन्नता मोझार्टनेच येते असे नाही. ब्रिटनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या सुमारे आठ हजार मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, मोझार्ट ऐकलेल्या मुलांपेक्षा त्या काळची लोकप्रिय पॉप गाणी ऐकलेल्या मुलांनी अशा प्रश्नांत अधिक चांगली कामगिरी केली. आवडीचे ऐकले की हुरूप येतो, एवढाच याचा अर्थ.

शिकल्याने तरी बुद्धी वाढते का?

ऐकणे आणि शिकणे यांत मोठा फरक आहे. शिकताना मूल स्वतः गाते, चुकते, दुरुस्त करते आणि पुन्हा गाते. म्हणून संशोधकांनी संगीताच्या शिक्षणाचा वेगळा अभ्यास केला.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांचा. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी टोरांटो परिसरातील सहा वर्षांची १४४ मुले घेतली आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गट केले. एका गटाला कीबोर्ड, दुसऱ्याला गायन, तिसऱ्याला नाट्य शिकवले आणि चौथ्या गटाला त्या वर्षी काहीच शिकवले नाही. वर्षाअखेर सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला होता, कारण मुले नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. संगीत शिकलेल्या मुलांची वाढ सरासरी ७ गुणांची होती, तर इतरांची ४.३. म्हणजे संगीतामुळे पडलेला फरक तीन गुणांहूनही कमी. याच प्रयोगात नाट्य शिकलेल्या मुलांचे इतरांशी वागणे-बोलणे अधिक सुधारल्याचे दिसले. जाहिरातीत ही दुसरी बाब सहसा येत नाही.

नंतरच्या अभ्यासांनी चित्र आणखी फिके केले. २०२० मध्ये दोन संशोधकांनी ५४ अभ्यास एकत्र करून जवळपास सात हजार मुलांची माहिती तपासली. ज्या अभ्यासांत मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते आणि तुलनेच्या गटालाही दुसरे काहीतरी शिकवले होते, त्यांत बुद्धी किंवा शालेय प्रगतीवर संगीताचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. २०२२ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी याच माहितीची फेरमांडणी करून थोडा फायदा दिसतो असे म्हटले. म्हणजे वाद आहे तो 'अगदी थोडा' आणि 'नाहीच' यांच्यातला. 'भरपूर' असे कोणीच म्हणत नाही.

मग गाणारी मुले अभ्यासातही पुढे का दिसतात?

हा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण वेगळे असू शकते. ज्या घरात मुलाला संगीत शिकवले जाते त्या घरात बहुधा आईवडील शिकलेले असतात, फी भरण्याची ऐपत असते, मुलाला क्लासला ने-आण करायला कोणीतरी असते. घरात पुस्तके असतात. शिवाय जे मूल मुळातच शांतपणे एका जागी बसते, तेच क्लासमध्ये टिकते. मग त्याच्या चांगल्या गुणांचे श्रेय संगीताला द्यायचे, घराला द्यायचे की त्याच्या स्वभावाला?

हा गुंता सोडवायला जुळ्या भावंडांचा अभ्यास उपयोगी पडतो. स्वीडनमध्ये जुळ्यांच्या मोठ्या नोंदींवरून असा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी ज्याने जास्त रियाझ केला होता त्याचा बुद्ध्यांक दुसऱ्यापेक्षा जास्त असल्याचे आढळले नाही.

शिकताना मेंदूत काय घडते?

तबल्याचा पहिला-दुसरा महिना डोळ्यांसमोर आणा. गुरुजी आधी तबला वाजवायला देत नाहीत, बोल म्हणायला लावतात. तीनताल म्हणजे १६ मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. मूल तोंडाने बोल म्हणते, हाताने टाळी-खाली दाखवते आणि मनात मात्रा मोजते. मग तेच बोल बोटांवर येतात. उजवा हात तबल्यावर वेगळे काम करतो, डावा डग्ग्यावर वेगळे. त्यानंतर तोच ठेका दुप्पट लयीत. कुठेही गेले तरी समेवर बरोबर यायचे, हा नियम मात्र कायम.

गाण्यात असेच असते. तंबोऱ्याच्या सुरात आपला सूर मिसळला की नाही हे मुलाला स्वतःच ओळखावे लागते आणि क्षणात दुरुस्त करावे लागते. पेटीवर डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने स्वर, तेही तोंडाने गात गात. ऐकणे, लक्षात ठेवणे, हालचाल करणे आणि चूक सुधारणे अशी चार कामे एकाच वेळी चालतात.

अशा सरावाने मेंदूत खरोखर बदल होतात का? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या आसपासच्या ३१ मुलांच्या मेंदूची चित्रे पंधरा महिन्यांच्या अंतराने घेण्यात आली. या काळात निम्मी मुले दर आठवड्याला अर्धा तास कीबोर्ड शिकत होती. त्यांच्या मेंदूतील ऐकण्याच्या आणि हालचालींच्या भागांत, तसेच डाव्या-उजव्या अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात इतर मुलांपेक्षा वेगळे बदल दिसले. त्यांची बोटे अधिक सफाईने चालू लागली आणि सूर-लयीतले फरक त्यांना अधिक चांगले ओळखता येऊ लागले. बुद्धीच्या इतर चाचण्यांत मात्र दोन्ही गट सारखेच राहिले.

यातून एक सोपा नियम हाती लागतो. ज्याचा सराव कराल ते सुधारते आणि त्याच्या अगदी शेजारचेही थोडे सुधारते. लांबच्या गोष्टींपर्यंत हा फायदा पोहोचेलच असे नाही. संगीताच्या शेजारी गणित नाही. त्याच्या शेजारी भाषा आहे.

कान तयार होतो, त्याचा भाषेला उपयोग

'ताट' आणि 'थाट' हे दोन शब्द म्हणून पाहा. दोन्हींत जीभ दातांना एकाच जागी टेकते. 'थ'मध्ये हवेचा झोत आहे आणि त्यामुळे पुढचा स्वर किंचित उशिरा सुरू होतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांश भागांइतका. 'काल' आणि 'खाल' यांतही तसेच. वाचायला शिकणाऱ्या मुलाला असे फरक नेमके ऐकू आले तर अक्षर आणि आवाज यांची जोडी लवकर जमते. संगीतातही कान हेच करतो : बारीक फरक पकडतो.

याबाबतचे काही अभ्यास पाहण्यासारखे आहेत.

- जर्मनी, २०११ : पाच-सहा वर्षांच्या मुलांना वीस आठवडे रोज दहा मिनिटे संगीत शिकवले. शब्दांतले ध्वनी ओळखण्याची त्यांची क्षमता, त्याच कौशल्याचे थेट प्रशिक्षण घेतलेल्या मुलांइतकी सुधारली. खेळांचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही.
- लॉस एंजेलिस, २०१४ : कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना मोफत संगीत शिक्षण देणाऱ्या एका उपक्रमाचा अभ्यास नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी केला. मिळतेजुळते व्यंजनध्वनी वेगळे करण्याची मेंदूची क्षमता सुधारली, पण ती दोन वर्षांच्या शिक्षणानंतर. एका वर्षात फरक दिसला नव्हता.
- बीजिंग, २०१८ : चार-पाच वर्षांच्या ७४ मुलांपैकी एका गटाला सहा महिने पियानो, दुसऱ्याला वाचनाचे जादा प्रशिक्षण दिले. तिसऱ्या गटाला जादा काहीच नव्हते. पियानो शिकलेल्या मुलांची मिळतेजुळते शब्द ऐकून वेगळे ओळखण्याची क्षमता सुधारली. बुद्ध्यांक, एकाग्रता आणि स्मरण यांत तिन्ही गटांत फरक नव्हता.

म्हणून 'संगीत शिकल्यावर गणितात मार्क वाढतील' असे कोणी म्हटले तर सावध राहा. 'कान तयार होईल आणि भाषेला थोडी मदत होईल' असे म्हटले तर त्याला आधार आहे.

सोबत गाण्या-वाजवण्याने काय होते?

जर्मनीतील लाइपझिग येथे २०१० मध्ये चार वर्षांच्या ९६ मुलांवर एक प्रयोग झाला. मुलांना जोड्यांनी खेळ दिला. काही जोड्यांनी गाणे म्हणत, ताल धरत तो खेळला. बाकीच्यांनी तोच खेळ गाण्याविना खेळला. नंतर दुसऱ्या एका खेळात मुद्दामच एका मुलाच्या हातातली गोट्यांची नळी तळातून सुटेल अशी योजना केली होती. गोट्या घरंगळल्यावर सोबती मदतीला धावतो का, हे पाहायचे होते. एकत्र गायलेली मुले अधिक वेळा मदतीला आली.

व्हेनेझुएलात १९७५ पासून 'एल सिस्तेमा' नावाची मोठी योजना चालू आहे. त्यात मुले वाद्यवृंदात आणि समूहगायनात एकत्र शिकतात. तिथल्या सुमारे २९०० मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षानंतर बुद्धीच्या चाचण्यांत एकूण फरक दिसला नाही, मात्र स्वतःवर ताबा ठेवण्याच्या क्षमतेत थोडी सुधारणा आढळली. ज्या मुलांच्या आईला कमी शिक्षण मिळाले होते, त्यांच्यात हा फायदा अधिक होता.

आपल्या अनुभवालाही हे पटते. लेझीमच्या पथकात एकाचा ताल चुकला की सगळी रांग बिघडते. म्हणून प्रत्येक मूल शेजारच्याकडे लक्ष ठेवायला शिकते. एकट्याने कीबोर्डवर बोटे चालवण्यात ही गोष्ट नसते.

केव्हा सुरू करावे?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला क्लास लागत नाही. बडबडगीते, टाळ्या, घरातल्या माणसांनी मुलासमोर मोठ्याने गाणे एवढे पुरे. आईबाबांचा सूर किती पक्का आहे याने काही बिघडत नाही.

पाच-सहा वर्षांनंतर आठवड्यातून एक-दोन वेळा, खेळीमेळीने, गटात शिकणे चांगले. तबल्याची नीट बैठक जमायला आणि बोटांत ताकद यायला बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांचे व्हावे लागते. सात वर्षांच्या आधी सुरुवात केलेल्या वादकांच्या मेंदूत काही वेगळेपण आढळते, पण उशिरा सुरुवात केली म्हणून दार बंद होत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी स्वतःहून 'मला शिकायचे आहे' म्हणणारे मूल, पाचव्या वर्षी ओढत नेलेल्या मुलापेक्षा लवकर पुढे जाते असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

गाणाऱ्या मुलग्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. साधारण बारा ते चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. त्या काळात जुन्या पट्टीत ओढून गायला लावू नये. काही महिने खालच्या पट्टीत, हलका रियाझ करावा. त्या काळात पेटी किंवा तबला शिकण्याचीही चांगली संधी असते.

क्लास निवडताना काय पाहावे?

- एक तास बसून पाहा. मुले स्वतः किती वेळ गातात-वाजवतात? तासातला बराच वेळ वहीत राग आणि तालाची माहिती उतरवण्यात जात असेल तर दुसरा क्लास शोधा.
- चूक झाल्यावर काय होते? शिक्षक पुन्हा म्हणून दाखवतात की सर्वांसमोर पाणउतारा करतात?
- पट्टी कोणाची? शिक्षकाच्या सोयीच्या पट्टीत मुलांना ताणून गावे लागत असेल तर घसा दुखतो आणि गोडीही जाते.
- सोबत वाजवायची संधी आहे का? समूहगान, साथसंगत, छोटे कार्यक्रम यांतून सहकार्याचा फायदा मिळतो.
- महागडे वाद्य लगेच घेऊ नका. पहिले काही महिने भाड्याचे, मागून आणलेले किंवा जुने वाद्य चालते. फक्त ते सुरात असावे.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव, रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा जास्त उपयोगी. थोडे-थोडे, अंतराने शिकलेले अधिक टिकते, ही मानसशास्त्रात अनेकदा तपासलेली गोष्ट आहे.

परीक्षा द्याव्यात का?

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरूच्या घरी राहून शिकण्याची विद्या सर्वसामान्य कुटुंबांसाठी वर्गात आणली. त्यांच्या शिष्यपरंपरेतून पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच्या परीक्षा महाराष्ट्रातल्या बहुतेक संगीत क्लासांत माहीत असतात. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त येते, मुलाला आपली प्रगती दिसते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या परीक्षांसाठी ठरलेल्या अटींनुसार वाढीव गुण मिळतात. त्यामुळे काही घरांत संगीत हाही गुण मिळवण्याचा विषय होऊन बसतो. ठरलेल्या बंदिशी घोकायच्या, प्रमाणपत्र घ्यायचे आणि दहावी झाली की पेटी माळ्यावर. परीक्षा जरूर द्यावी, पण मूल परीक्षेबाहेरचे काही गुणगुणते का, हेही पाहावे.

क्लास परवडत नसेल किंवा गावात नसेल तर?

वर सांगितलेल्या फायद्यांसाठी वातानुकूलित क्लास लागत नाही. नियमित ऐकणे, नियमित गाणे-वाजवणे आणि सोबत लागते. गावातले भजनी मंडळ टाळ आणि पखवाजाची शिकवणी न म्हणता शिकवते. शाळेतला लेझीमचा गट, परिपाठातले समूहगीत, गणपतीतल्या आरत्या यांतही मूल ताल धरायला आणि दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायला शिकते. 'तुझा आवाज चांगला नाही, तू नुसते ओठ हलव' असे शाळेत किंवा घरी कोणी म्हणू नये, एवढी खबरदारी घ्या. असे एक वाक्य ऐकून जन्मभर न गाणारी माणसे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात.

मूल 'नको' म्हणू लागले तर?

आधी कारण शोधा. शिक्षक रागावतात, वाद्य आवडीचे नाही, मित्र नाहीत की क्लासच्या वेळी बाहेर क्रिकेट सुरू होते? बऱ्याचदा वेळ किंवा वाद्य बदलून प्रश्न सुटतो. सुरुवातीचे काही महिने सगळेच कठीण वाटते, म्हणून 'निदान हे सत्र पूर्ण करू, मग ठरवू' असा करार करायला हरकत नाही. त्यानंतरही मन लागत नसेल तर सोडू द्या. चित्रकला, नाटक, कबड्डी, पोहणे यांतूनही मूल वाढते. संगीत सोडल्याने त्याच्या बुद्धीचे काही नुकसान होणार नाही.

लक्षात ठेवायचे ते एवढेच

गणितासाठी गणिताचा सराव करावा आणि संगीतासाठी संगीत शिकावे. संगीत शिकलेल्या मुलाला तयार कान मिळतो, हातांना वळण लागते, चारचौघांसोबत ताल धरता येतो आणि आयुष्यभर सोबत करणारी एक आवड मिळते. यातली शेवटची गोष्ट कोणत्याही चाचणीत मोजली जात नाही, पण क्लासची फी भरताना तीच डोळ्यांसमोर ठेवावी. सहा महिन्यांनी 'याचे मार्क वाढले का?' असे विचारण्यापेक्षा 'आज काय शिकलास, म्हणून दाखव बघू' असे विचारा आणि मूल गाऊ लागले की फोन बाजूला ठेवून ऐका.